शिवणाऱ्या हातांचं नाव : ॲन लो

फर्स्ट इयरला ड्रॉईंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आपल्याला एक गोष्ट शिकवली जाते. आधी शीटला बॉर्डर मारायची आणि मग उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक काढायचा. नाव, रोल नंबर, तारीख, स्केल आणि सरांच्या सहीची जागा. आतली आकृती भले रात्री दोन वाजता होस्टेलवर जीटी मारून उतरवलेली असो, टायटल ब्लॉक मात्र ज्याचा त्याचा असतो! काम कुणाचं आहे हे कागदावर दिसलंच पाहिजे, हा त्यामागचा साधा नियम.

आज ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे तिच्या सर्वात गाजलेल्या कामाला हा टायटल ब्लॉकच नव्हता.

१२ सप्टेंबर १९५३ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी जॉन केनेडी नावाच्या तरुण सिनेटरचं लग्न झालं. नवरी होती जॅकलिन बुव्हिएर. १९६१ साली केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि जॅकलिन, म्हणजे सगळ्या जगाची जॅकी, ही त्या काळातली सर्वात जास्त फोटो काढली गेलेली राजकीय पत्नी ठरली. मार्च १९६२ मध्ये ती भारतात आली, ताजमहाल पाहून गेली, उदयपूर-बनारस फिरून गेली, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीसुद्धा ती काय बोलली यापेक्षा तिनं काय घातलं होतं यावर जास्त शाई खर्च केली. तिच्या लग्नाचा फोटो आजही पुस्तकांत, मासिकांत सापडतो. त्यातला हस्तिदंती रंगाचा, घेरदार गाऊन जगप्रसिद्ध आहे. (गाऊन म्हणजे आपल्याकडे घरोघरी वापरतात तो सुती गाऊन नव्हे, हे मुलींना सांगायला नको, मुलांना सांगावं लागेल!)

हा गाऊन बनवला कुणी? तर ॲन लो नावाच्या एका कृष्णवर्णीय शिवणकर्तीनं. आणि हे जगाला नीट कळायला बरीच वर्षं जावी लागली.

चिंध्यांची फुलं

ॲनचा जन्म १८९८ च्या सुमाराचा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातल्या क्लेटन या लहानशा गावचा. तिची आजी गुलामगिरीत जन्मलेली. मालकाच्या घरच्या बायकांचे कपडे शिवणं हे तिचं काम होतं. गुलामगिरी संपली, पण सुईदोरा हातातून सुटला नाही. आजी आणि आई या दोघींनी मिळून माँटगोमेरी शहरात गोऱ्या, श्रीमंत घराण्यांतल्या बायकांचे कपडे शिवायचा धंदा नावारूपाला आणला.

घरात सगळीकडे रेशमाचे, सॅटिनचे तुकडे पडलेले असत. पाच-सहा वर्षांची ॲन ते गोळा करायची आणि बागेतली फुलं पाहून तशीच कापडाची फुलं करायची. पुढे ही कापडी फुलं हीच तिच्या कामाची ओळख झाली. कॉलरवर लेबल नसलं तरी जाणकार बायका ती फुलं पाहून गाऊन कुणाचा ते ओळखायच्या.

१९१४ साली तिची आई अचानक वारली. त्या वेळी ॲन सोळा वर्षांची. आईच्या मशीनवर चार पार्टीचे पोशाख अर्धवट पडले होते आणि ते होते खुद्द अलाबामाच्या गव्हर्नरच्या पत्नीचे, एलिझाबेथ ओनील यांचे. तारीख ठरलेली, गिऱ्हाईक राज्यातलं सर्वात मोठं. ॲननं आईचं दुःख बाजूला ठेवलं आणि चारही पोशाख पुरे करून दिले. म्हणजे एखाद्या राजकीय पत्नीचे कपडे शिवायची तिची पहिली वेळ जॅकीच्या लग्नाच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधीची! त्या वेळी ना तिच्याकडे डिग्री होती ना दुकान. आईनं आणि आजीनं हातात दिलेलं कसब तेवढं होतं.

तिचं लग्न फार लवकर झालं होतं. आर्थर नावाचा एक मुलगाही झाला. नवऱ्याला तिचं लोकांचं शिवण पसंत नव्हतं. पण १९१६ च्या सुमाराला एका कपड्यांच्या दुकानात फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरच्या एका श्रीमंत बाईची नजर ॲनच्या अंगावरच्या ड्रेसवर गेली. तो ॲननं स्वतःच शिवला होता. त्या बाईनं तिला आपल्या मुलींचे कपडे शिवायला थेट टॅम्पालाच बोलावलं. ॲननं मुलाला बरोबर घेतलं आणि निघाली. नवरा मागे राहिला तो कायमचाच.

वेगळी खोली

१९१७ साली ॲन न्यूयॉर्कला एस. टी. टेलर डिझाइन स्कूलमध्ये शिकायला गेली. शाळेनं पत्रावरून प्रवेश दिला होता, विद्यार्थिनी कृष्णवर्णीय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ती दारात उभी राहिल्यावर पंचाईत झाली. शेवटी प्रवेश कायम राहिला, पण तिला इतर मुलींबरोबर बसायची परवानगी मिळाली नाही. तिला एका वेगळ्या खोलीत एकटीला बसवण्यात आलं.

रायगड जिल्ह्यात राहणाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. वर्गाबाहेर गोणपाटावर बसून शिकलेले बाबासाहेब आपल्याला माहीत आहेत आणि महाडचं चवदार तळं आपल्याच जिल्ह्यात आहे. योगायोग पाहा, बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते तिथून गेले आणि वर्षभरात ॲन त्याच शहरात दाखल झाली. एकाच शहरात एका शिक्षणसंस्थेचं दार सताड उघडं होतं आणि दुसरीचं अर्धंच.

त्या वेगळ्या खोलीत एक मजेशीर गोष्ट घडत गेली. मास्तर तिचं काम उचलून नेऊन बाहेरच्या वर्गाला नमुना म्हणून दाखवू लागले. काम वर्गात बसायचं आणि काम करणारी बाहेर! पुढे आयुष्यभर तिच्या वाट्याला हेच येणार होतं, याची ही पहिली झलक. इतरांना लागे त्याहून निम्म्या वेळात तिनं कोर्स संपवला आणि टॅम्पाला परत गेली.

टॅम्पामध्ये तिचं चांगलं बस्तान बसलं. तिथे गॅस्परिला नावाचा मोठा वार्षिक उत्सव असतो, त्यात निवडल्या जाणाऱ्या राणीचे आणि तिच्या सख्यांचे भरजरी पोशाख ॲनच्या दुकानातून जायचे. हाताखाली बायका ठेवून तिनं त्यांनाही शिकवलं. तिथं दुसरं लग्नही केलं. पण रात्री अपरात्री अंथरुणातून उठून डिझाइन काढत बसणारी बायको याही नवऱ्याला झेपली नाही.

दुसऱ्यांची लेबलं

१९२८ साली गाठीला पैसे बांधून ती न्यूयॉर्कला आली. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि जागतिक मंदी सुरू झाली. (प्लेसमेंटच्या वर्षीच मंदी येणं म्हणजे काय, हे आपल्या सिनियर्सना विचारा!) मोठी जागा, मोठं दुकान हे सगळं बाजूला राहिलं. तिनं दुसऱ्यांच्या नावाच्या फॅशन हाऊसेसमध्ये कामं धरली. डिझाइन हिचं, शिवण हिची, लेबल मालकाचं.

याचं एक उदाहरण फार बोलकं आहे. १९४७ च्या ऑस्कर समारंभात ऑलिव्हिया डी हॅविलँडला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. त्या रात्री तिच्या अंगात जो हातानं रंगवलेल्या फुलांचा गाऊन होता, तो ॲननं बनवलेला होता. पण त्याच्या आत लेबल होतं सोनिया रोझेनबर्ग या दुकानमालकिणीचं. सगळ्या जगासमोर ॲनचं काम झळकलं आणि ॲन मात्र कुठेच नव्हती.

तसं पाहिलं तर कर्जतच्या बाजारपेठेतला साधा शिंपीसुद्धा पॅन्टच्या कमरपट्टीच्या आत आपलं छोटंसं लेबल लावतो. दुकानाचं नाव आणि खाली गावाचं नाव. ते कुणी बाहेरून पाहत नाही, पण पॅन्ट चांगली बसली की दिवाळीत पुन्हा तिथंच जायचं हे त्या लेबलामुळे कळतं. ॲनला एवढंही बरीच वर्षं मिळालं नाही. १९५० साली वयाच्या पन्नाशीला तिनं न्यूयॉर्कमध्ये आपल्या नावाचं दुकान उघडलं, तेव्हा कुठे गाऊनच्या आत तिचं नाव शिवलं जाऊ लागलं. बहीण सॅली मदतीला होती आणि मुलगा आर्थर हिशेब बघायचा. गिऱ्हाईकं होती अमेरिकेतली सर्वात धनाढ्य घराणी. गिऱ्हाईक निवडण्याबाबत ती चोखंदळ होती आणि एक डिझाइन शक्यतो दुसऱ्यांदा करायची नाही.

दहा दिवसांची डेडलाइन

जॅकीच्या आईची ॲन ही जुनी शिवणकर्ती. त्यामुळे १९५३ च्या लग्नाचं काम तिच्याकडे आलं. नवरीचा गाऊन आणि करवल्यांचे पोशाख मिळून मोठी ऑर्डर.

गाऊनला ५० वार हस्तिदंती रंगाचा रेशमी टॅफेटा लागला. आपली नऊवारी नऊ वारांची, म्हणजे साडेपाच नऊवारी लुगडी एका पोशाखात! अंगाला घट्ट बसणारी, आडव्यातिडव्या चुण्यांनी विणल्यासारखी दिसणारी चोळी, रुंद उघडा गळा, खाली प्रचंड घेर आणि घेरावर कापडाच्या झालरींची मोठमोठी वर्तुळं. वर्तुळांच्या मध्ये मेणाची इवली फुलं. असा घेर नुसत्या कापडावर उभा राहत नाही. ॲनच्या गाऊनच्या आत एक वेगळंच स्ट्रक्चर असायचं. कमरेला आतून पट्टी, छातीला आधार देणारी शिवण, थरावर थर. वजन कुठून कुठे जाणार याचा विचार करून ती गाऊन बांधायची. सिव्हिलवाल्यांनी याला लोड ट्रान्सफर म्हणायला हरकत नाही. शिवाय आतली प्रत्येक शिवण बाहेरच्या इतकीच देखणी. जी बाजू कुणालाच दिसणार नाही तिच्यावरही तिनं तितकाच वेळ घालवला.

सगळं काम जवळजवळ पुरं होत आलं. आणि लग्नाला दहा दिवस उरले असताना तिच्या कामाच्या जागेत पाण्याची पाइप फुटली. नवरीचा गाऊन आणि करवल्यांचे बहुतेक पोशाख भिजून कायमचे वाया गेले. नवरीच्या गाऊनला आठ आठवडे लागले होते. आता हातात दहा दिवस.

सबमिशनच्या आदल्या दिवशी हार्ड डिस्क गेली की आपण काय करतो? एचओडींच्या केबिनबाहेर तोंड पाडून उभे राहतो आणि मुदत मागतो. ॲननं गिऱ्हाइकाला एका शब्दानं कळू दिलं नाही. पुन्हा कापड मागवलं, जास्तीची माणसं लावली आणि रात्रंदिवस काम केलं. कापायला दोन दिवस, शिवायला पाच. या सगळ्या ऑर्डरवर तिला ७०० डॉलर नफा अपेक्षित होता, उलट २,२०० डॉलर तोटा झाला. तो तिनं आपल्या खिशातून भरला. केनेडी किंवा जॅकीच्या घरच्यांना या अपघाताचा पत्ताही लागला नाही.

पोशाख पोचवायला ॲन न्यूपोर्टच्या त्या बंगल्यावर गेली, तेव्हा दारावरच्या माणसानं तिला मागच्या, नोकरांच्या दारानं यायला सांगितलं. इतकं सोसलेली, तोंडातून कधी चकार शब्द न काढणारी ही बाई त्या दिवशी मात्र अडून बसली. मागच्या दारानं जायचं असेल तर पोशाख परत जातील, असं तिनं स्पष्ट सांगितलं. पुढचं दार उघडलं. पोशाख आणि ॲन, दोघंही पुढच्या दारानं आत गेले.

लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी गाऊनचा कापड, रंग, गळा, घेर सगळं वर्णन केलं. एखाददुसरा अपवाद सोडला तर शिवणारीचं नाव कुणीही छापलं नाही.

एक पत्र

१९६१ साली जॅकी व्हाइट हाऊसमध्ये गेल्यावर तिच्यावर लेखमालांचा पाऊस पडला. लेडीज होम जर्नल या मोठ्या मासिकातल्या एका लेखात लग्नाच्या गाऊनचा विषय निघाला. त्यात ॲनचं नाव न घेता, एका कृष्णवर्णीय शिंपिणीनं तो शिवला, कुणा नामवंत फॅशन हाऊसनं नव्हे, अशा अर्थाचा उल्लेख होता.

आठ वर्षं गप्प राहिलेल्या ॲनच्या हे वर्मी लागलं. नाव न येणं तिनं सोसलं होतं, पण हा उल्लेख म्हणजे तिच्या सगळ्या आयुष्याच्या कामावर काट मारण्यासारखं होतं. तिनं थेट जॅकीला पत्र लिहिलं. आपल्याला नामांकित निग्रो डिझायनर म्हटलेलं चाललं असतं, असं तिनं त्यात कळवलं. (तो शब्द तेव्हा तिकडे सर्रास वापरात होता, आज तो अपमानास्पद मानतात.) व्हाइट हाऊसमधून जॅकीच्या सेक्रेटरीचा फोन आला की लेखातल्या त्या मजकुराशी जॅकीचा संबंध नव्हता. पण मासिकाचा छापलेला अंक काही परत येत नाही.

मला विचाराल तर ॲनच्या आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट हे पत्र आहे. गाऊन पुन्हा शिवणं तिच्या हातचं होतं, तिला शिवता येत होतं. पण देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीला पत्र लिहून आपलं नाव मागणं, तेही १९६१ च्या अमेरिकेत, जिथे दक्षिणेत गोऱ्यांच्या शेजारी बसून चहा पिण्यासाठी कृष्णवर्णीय विद्यार्थी मार खात होते, याला वेगळंच धैर्य लागतं.

कॉस्टिंगचा पेपर

ॲनच्या गोष्टीत सगळाच दोष जगाचा होता असंही नाही. एका विषयात तिची कायमची केटी होती, तो म्हणजे कॉस्टिंग!

तिची गिऱ्हाईकं कोट्यधीश, आणि कोट्यधीश मंडळी घासाघीस करण्यात वस्ताद. शेजारणीला सांगू नकोस, पण मला एवढ्यात दे, असं म्हटलं की ॲन विरघळायची. मुलगा आर्थर होता तोवर कुणीतरी वही सांभाळत होतं. १९५८ साली तो मोटार अपघातात गेला. एकुलता एक मुलगा गेला आणि दुकानाचा हिशेबनीसही गेला. १९६० मध्ये सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या नामांकित स्टोअरनं तिला आपल्या खास विभागाची डिझायनर म्हणून घेतलं, पण तिथे कापडाचा आणि माणसांचा खर्च तिच्याच माथी होता. ज्या गाऊनचे ३०० डॉलर मिळत होते, त्यावर आपण ४५० डॉलर खर्च करतोय, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. १९६२ साली ती तिथून बाहेर पडली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. आयकराची थकबाकीच १२,८०० डॉलर झाली आणि दुकानाला कुलूप लागलं.

त्याच सुमाराला काचबिंदूमुळे तिचा उजवा डोळा काढावा लागला. ती हॉस्पिटलमध्ये असतानाच कुणीतरी नाव न सांगता तिचा कर भरून टाकला. ते काम जॅकीचंच असावं असं ॲनला शेवटपर्यंत वाटत राहिलं. खरं असेल तर विचित्रच हिशेब म्हणायचा. जिनं नाव दिलं नाही, तिनं पैसे दिले आणि तेही स्वतःचं नाव न लावता!

पुढे दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. दृष्टी जाईल या धोक्यावर ऑपरेशन केलं आणि ते यशस्वी झालं. बरं, आता तरी थांबावं? छे! साठी उलटलेली ही बाई एका डोळ्यावर पुन्हा कामाला लागली. मासिकांत लेख आले, टीव्हीवर मुलाखत झाली. १९६८ मध्ये तिनं मॅडिसन ॲव्हेन्यूवर पुन्हा आपल्या नावाचं दुकान उघडलं. १९७२ साली निवृत्त झाली आणि २५ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारली.

उशिरा आलेली सही

आज ॲनचे गाऊन वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहेत. जॅकीचा लग्नाचा गाऊन बॉस्टनच्या केनेडी लायब्ररीच्या ताब्यात आहे. २०२३ मध्ये विंटरथर संग्रहालयानं ॲनच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. मूळ गाऊन इतका नाजूक झालाय की तो हलवता येत नव्हता. मग डेलावेअर विद्यापीठातल्या एका शिक्षिकेनं बॉस्टनला जाऊन त्याची मापं घेतली, शिवणी अभ्यासल्या आणि हुबेहूब नवा गाऊन तयार केला. चक्क रिव्हर्स इंजिनिअरिंग! ज्या शाळेनं ॲनला वेगळ्या खोलीत बसवलं त्याच देशात आता तिच्या शिवणीवरून शिक्षक शिकतात.

आपल्याकडे याच्या शेजारी कोल्हापूरच्या भानू अथय्यांचं नाव ठेवून बघा. गांधी चित्रपटात पडद्यावरच्या कस्तुरबांना लुगडं नेसवणाऱ्या वेशभूषाकारांत त्या होत्या, आणि १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. सिनेमात एक चांगली पद्धत आहे, शेवटी नावांची पाटी येते. भानूताईंचं नाव त्या पाटीवर होतं म्हणून ते जगापर्यंत पोचलं. ॲनच्या कामाला पाटी नव्हती. कसब दोघींकडे होतं, फरक पाटीचा.

आणि लांब कशाला जायचं? आपण वीकएंडला पुण्याला जाताना कर्जत सोडलं की बोरघाट लागतो. १८६३ साली हा घाटाचा रेल्वेमार्ग सुरू झाला. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले यांचं नाव पुस्तकात आहे. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या वारले आणि त्यांची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट पुढे नेऊन पुरं केलं, हे मात्र आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आणि बोगदे खोदताना साथीच्या रोगांनी, सुरुंगांनी मेलेल्या हजारो मजुरांची तर नावंच उरली नाहीत. त्यांच्या बोगद्यांतून आपली गाडी रोज जाते.

लास्ट इयरच्या प्रोजेक्टला चार जणांचा ग्रुप असतो. मॉडेल रात्रभर जागून एक जण करतो आणि रिपोर्टवर चार नावं सोनेरी अक्षरांत येतात. कधीकधी वर्कशॉपमधल्या ज्या मामांनी जॉब लेथवर धरून दाखवला, त्यांचं नाव आभारांच्या पानावरसुद्धा नसतं. यंदा ब्लॅक बुक बाइंडिंगला टाकायच्या आधी ते पान एकदा उघडून बघा. मामांचं नाव विचारून घ्या आणि शुद्धलेखन तपासून लिहा.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी